इंच नको, लिटर बोला!

गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात जा. ‘सबवूफर हवाय’ म्हटलं, की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘दहा की बारा?’ म्हणजे इंच. दुसरा प्रश्न, ‘बजेट किती?’ तिसरा प्रश्न येतच नाही, कारण तोवर आतला पोऱ्या निळ्या लाइटवाला एक भलामोठा बॉक्स उचलून घेऊन आलेला असतो. डेमोचं गाणं ठरलेलं. ‘झिंगाट’ सुरू होतं, दुकानाचं शटर थरथरतं आणि तुमचा हात आपोआप कार्डाकडे जातो.

खरं तर विचारायला हवा असतो तो तिसराच प्रश्न. तुमच्या डिकीत रिकामी जागा किती? इंचात नाही, लिटरमध्ये.

आपल्यापैकी बहुतेकांची पहिली गाडी म्हणजे हॅचबॅक. टाटा टियागोच्या पेट्रोल मॉडेलची डिकी २४२ लिटरची, २०२४ च्या स्विफ्टची २६५ लिटरची. ऐकायला बरं वाटतं. पण बारा इंची वूफरचा रेडिमेड, भोक असलेला बॉक्स बाहेरून ७० लिटर जागा सहज खातो. म्हणजे जवळपास पाव डिकी गेली. आणि गाडीत सीएनजी असेल, तर विषयच संपला. वॅगन आरसारख्या गाडीत ६० लिटरचं सिलिंडर आडवं पसरलेलं असतं. उरलेल्या फटीत लॅपटॉप बॅग नीट बसली तरी मिळवली. टाटाने २०२३ मध्ये एकाऐवजी दोन छोटी सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवली, त्या गाड्यांचे मालक नशीबवान. बाकीच्यांनी पुढे वाचा.

आधी थोडा फंडा, म्हणजे दुकानात कोणी आपल्याला गुंडाळणार नाही. वूफर बॉक्सबाहेर काढून नुसता हातात धरून वाजवलात, तर बास जवळजवळ ऐकूच येत नाही. पडदा पुढे जाताना पुढची हवा दाबतो, त्याच क्षणी मागची हवा ओढतो. या दोन लाटा वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि हिशेब शून्य. बॉक्स हवा तो मागची लाट कोंडायला. पण कोंडलेली हवा गप्प बसत नाही. ती स्प्रिंगसारखी पडद्याला मागे ढकलते. बॉक्स जितका लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. स्प्रिंग कडक झाली की पडद्याला खोल, संथ हालचाल जमत नाही आणि बास वर वर सरकतो. ‘धुम्म’चं ‘ढब’ होतं ते इथे.

या स्प्रिंगलाच कामाला लावण्याची आयडिया १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बाजारात आणली. तोवर चांगला बास म्हणजे कपाटाएवढा स्पीकर, असं समीकरण होतं. त्यांनी मुद्दाम ढिल्या पडद्याचा वूफर छोट्या, हवाबंद पेटीत बसवला आणि पडदा सावरायचं काम आतल्या हवेकडे दिलं. त्याच काळातले दुसरे एक गृहस्थ म्हणजे अँटन हॉफमन. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ तो हाच, आणि प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा मुलगा. त्यांच्या नावाने एक ‘लोखंडी नियम’ सांगितला जातो. बॉक्स लहान हवा, बास खोल हवा आणि थोडक्या वॅटमध्ये आवाज मोठा हवा, या तीनपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतील. तिसरी सोडायची.

छोट्या गाडीत ‘लहान’ हे आधीच ठरलेलं आहे. मग ‘खोल’ हवं की ‘थोडक्यात मोठा’? माझं मत स्पष्ट आहे. खोल घ्या. वॅट आजकाल स्वस्त आहेत, डिकी नाही.

हे सगळं डोक्यात घोळवण्याचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. चिंचवडला राहतो, ऑफिस खराडीला. येता-जाता मिळून रोज जवळजवळ तीन तास सिग्नलवर. ना सिगारेट, ना जिम, ना नेटफ्लिक्स. माणसाला एकच शौक, गाणी. गाडी सेकंडहँड वॅगन आर, सीएनजी. दुकानदाराने त्याला बारा इंचीचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅप केलं आणि घरात महाभारत सुरू झालं. कारण त्याच डिकीत मावशीचा घडीचा वॉकर असतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, आणि तिथे वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. ‘डिकीत तुझ्या आईचा वॉकर राहणार की तुझा ढोल, ते एकदा ठरव,’ इति काका. मावशी बिचारी म्हणे, ‘राहू दे रे, मी मांडीवर घेऊन बसेन.’ हे ऐकल्यावर तो बॉक्स कोणाला गोड लागणार? शेवटी त्याचा मला फोन. ‘ताई, तू गॅजेट्सवर लिहितेस ना? मग सांग.’

मी म्हटलं, आधी वॉकर आत ठेव. सिलिंडर आहेच. आता उरलेल्या जागेला टेप लाव.

जागा निघाली ५० सेंटीमीटर रुंद, ३० उंच आणि २० खोल. गुणाकार करून हजाराने भागा, ३० लिटर. स्वारी खूश. पण हे झालं बाहेरचं माप. बॉक्सला १८ मिलिमीटरचा प्लाय किंवा एमडीएफ लागतो, आणि तो सगळ्या बाजूंनी. प्रत्येक मापातून ३.६ सेंटीमीटर वजा करा. आत उरतं ४६.४ गुणिले २६.४ गुणिले १६.४, म्हणजे २० लिटर. एक तृतीयांश जागा लाकडाने खाल्ली! वूफरचं मॅग्नेट आणि सांगाडा आत जातो, त्याचा एक लिटर अजून कमी. हातात आले १९. म्हणून सांगते, दुकानदार ‘तीस लिटरचा बॉक्स आहे’ म्हणाला, तर आतून की बाहेरून, एवढं विचाराच.

आता या १९ लिटरला वूफर शोधायचा. उलटं नाही. आधी वूफर पसंत करून मग त्याला बॉक्स शोधणं म्हणजे आधी बँड-बाजा ठरवून मग मुलगी बघायला जाण्यासारखं आहे.

ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांनी १९६० आणि ७० च्या दशकांत प्रत्येक वूफरची कुंडली कशी मांडायची ते ठरवून दिलं. (छोट्या बॉक्सचं गणित सोडवणाऱ्याचं आडनाव स्मॉल, हा निव्वळ योगायोग.) बऱ्या कंपनीच्या वूफरसोबत ही कुंडली छापलेली येते. त्यातल्या तीन गोष्टी बघायच्या. एफएस, म्हणजे वूफर मोकळा असताना तो नैसर्गिकरीत्या किती हर्ट्झवर डोलतो. व्हीएएस, म्हणजे त्याच्या पडद्याचा ताठपणा किती लिटर हवेच्या स्प्रिंगइतका आहे. आणि क्यूटीएस, म्हणजे डोलणं थांबवायचा त्याचा ब्रेक किती जोरदार आहे. आकडा लहान तितका ब्रेक कडक.

बंद बॉक्सचं सूत्र एका ओळीचं आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा. हा आकडा क्यूटीएसने गुणला की बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यू मिळतो, एफएसने गुणला की नवं हर्ट्झ. क्यू ०.७ च्या आसपास आला तर बास सपाट आणि स्वच्छ. १ च्या वर गेला की बास फुगायला लागतो.

उदाहरणासाठी दोन वूफर घेऊ. एक दहा इंची, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३० लिटर, एफएस ३०. दुसरा बारा इंची, क्यूटीएस तेवढाच, पण व्हीएएस ८० लिटर आणि एफएस २५. कागदावर बारा इंची जास्त खोल, बरोबर? आता दोघांना आपल्या १९ लिटरमध्ये कोंबा. दहा इंचीचा क्यू येतो ०.८ आणि तो ४८ हर्ट्झवर बसतो. बारा इंचीचा क्यू १.१४ आणि तो चढतो थेट ५७ वर. दोघांचा आवाज ज्या ठिकाणी ३ डेसिबलने पडतो तो बिंदू जवळपास एकच, ४३ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे जास्तीच्या दोन इंचांनी खोली दिली काय? शून्य. दिलं काय, तर ७० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबलचं कुबड. मग प्रत्येक गाण्यातला ढोल, बास गिटार आणि किक ड्रम एकाच सुरात ‘बुऊम बुऊम’ करतात. रात्री सोसायटीच्या गेटवरून जाणाऱ्या काही गाड्यांतून गाणं ओळखू येत नाही, फक्त हादरा येतो. ते प्रकरण बऱ्याचदा हेच असतं.

बारा इंची जोरात वाजेल, हे मान्य. पण गाडीच्या बंद काचांत जोर कमी पडल्याची तक्रार मी अजून ऐकलेली नाही.

वर्गमूळाचा कंटाळा असेल तर शॉर्टकट आहे. माहितीपत्रकात ‘सील्ड बॉक्ससाठी सुचवलेलं आकारमान’ अशी एक ओळ असते. अमेरिकन कंपन्या ती घनफुटात देतात. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, अर्धा घनफूट लिहिलं असेल तर १४ लिटर. तुमच्या जागेत तो आकडा बसतो का, बघा. आणि त्याच पानावरची ‘माउंटिंग डेप्थ’ सोडू नका. आपल्या बॉक्सची आतली खोली १६.४ सेंटीमीटर. पंधरा सेंटीमीटरचा वूफर आत गेला तर मॅग्नेटमागे श्वास घ्यायलाही जागा राहत नाही. म्हणून अशा जागेसाठी ‘शॅलो’ म्हणजे उथळ प्रकारचे वूफर येतात. सरळ त्यांच्याकडेच वळा. ज्या दुकानात कुंडलीच नाही, फक्त ‘३००० वॅट’ लिहिलेला चमकता स्टिकर आहे, तिथून चहा पिऊन निघा. टेपरेकॉर्डरवरच्या त्या पीएमपीओ स्टिकरचाच हा नातू. बघायचा आकडा एकच, आरएमएस.

मग भोकवाला, म्हणजे पोर्टेड बॉक्स? त्याचा बास जोरकस असतो, वाद नाही. पण छोट्या जागेत तो जवळजवळ अशक्य आहे, आणि कारण गमतीशीर आहे. आपल्या १९ लिटरच्या बॉक्सला ३५ हर्ट्झवर ट्यून करायचं, तर साडेसात सेंटीमीटर व्यासाचा पाइप जवळपास ५० सेंटीमीटर लांब लागतो. बॉक्स आतून ४६! पाइप वाकवला तरी तो आतले दोन-अडीच लिटर गिळणार. छोटा पाइप लावून भागवलं तर ट्यूनिंग वर जातं, बारीक लावला तर हवा फुसफुसते. तेव्हा बंद बॉक्स. पुढचा प्रश्न.

आता गुड न्यूज. गाडी छोटी असणं हा बासच्या बाबतीत चक्क प्लस पॉइंट आहे. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर; ती हॅचबॅकच्या केबिनमध्ये मावतच नाही. अशा वेळी वूफर लाट सोडण्याऐवजी अख्ख्या केबिनची हवाच दाबायला लागतो, पंपासारखी. अडीच मीटरची केबिन धरली तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली आवाजाला हा फुकटचा टेकू मिळू लागतो, जितकं खाली जाल तितका जास्त. कागदावर तो दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जातो. बंद बॉक्सचा बास नेमका त्याच वेगाने पडत असतो! प्रत्यक्षात दारं, काचा, पत्रा हलतात आणि थोडा बास गळतो, पण तरी घरात पातळ वाटणारा छोटा बंद बॉक्स गाडीत भरदार वाटतो तो यामुळेच. म्हणून दुकानाच्या भिंतीवर लावलेला वूफर ऐकून ठरवू नका. कोणाच्या तरी छोट्या गाडीत बसून ऐका.

डिकीत अजिबातच जागा नसेल, तर सीटखालचे अ‍ॅक्टिव्ह सबवूफर आहेत. आठ इंचाच्या आसपासचा चपटा वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत. पायोनियर, केनवुड, जेबीएल अशा सगळ्यांचे मिळतात. बऱ्याच मॉडेल्सना कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरवरूनच सिग्नल देता येतो, त्यामुळे स्टिरिओ बदलायची गरज नाही. हे छाती हादरवत नाहीत. पण दाराच्या स्पीकरला जमत नाही तो खालचा मजला ते नीट भरून काढतात, आणि रोज तीन तास ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्याला तेवढंच हवं असतं. घेण्याआधी सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून खालची उंची मोजा. मागच्यांच्या पायाला एसी देणारा डक्ट तिथे नाही ना, बघा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅग किंवा सीटबेल्टचा असतो, त्याला कोणालाही हात लावू देऊ नका. आणि मुंबईकरांनो, तुमच्या गाडीत जुलैमध्ये कार्पेटखाली पाणी येत असेल, तर हा पर्याय विसरा.

अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घेणार असाल तर थोडं वायरिंगचं. ३०० वॅट आरएमएसचा क्लास-डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात साधारण २८ अँपिअर खेचतो. लायटर सॉकेटवरून तो कधीच चालवायचा नाही. वायर थेट बॅटरीवरून हवी, आणि बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवी. मागे अ‍ॅम्पजवळ लावलेली फ्यूज अ‍ॅम्पला वाचवते. पुढची गाडीला आणि तुम्हाला. वायर शुद्ध तांब्याची मागा. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर तशाच जाड आवरणात मिळते, टोक खरवडलं की पांढरं पोट दिसतं. कामाच्या दिवशी ऑफिसमधून सुट्टी घ्या आणि तिथे उभे राहा. फिटिंगवाल्या दादांना आवडत नाही, पण चालवून घेतात.

सीएनजीवाल्यांना मात्र हात जोडून विनंती. गॅसच्या पाइपला वायर बांधू नका, सिलिंडरच्या ब्रॅकेटला बॉक्स ठोकू नका, आणि त्या भागात ड्रिल तर अजिबात नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पटकन हाताला लागला पाहिजे. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी सिलिंडर बाहेर काढावं लागतं, त्यामुळे बॉक्स पाच मिनिटांत सुटेल असाच बसवा. मात्र सुटा सोडूही नका. प्लायचा बॉक्स आणि वूफर मिळून १२ किलोच्या घरात जातात. एक्स्प्रेसवेवर करकचून ब्रेक लागला तर हे १२ किलो मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्याकडे येतात. पट्टा लावा, नट-बोल्टवाला.

भावाने शेवटी उथळ दहा इंची वूफर घेतला आणि १९ लिटरचा बंद बॉक्स ओळखीच्या सुतारकाकांकडून करून घेतला. सांध्यांना आतून सिलिकॉन, वर साधं काळं कार्पेट, निळा लाइट नाही. वॉकर शेजारी उभा राहतो. काकांनी गाडीत बसून आधी बातम्या लावल्या, मग जुनी गाणी, आणि ‘आवाज कुठून येतोय ते कळत नाही’ अशी तक्रार केली. माझ्या मते याहून मोठं कौतुक सबवूफरचं होत नाही.

बसवून झाल्यावरचं काम बरेच जण सोडून देतात. स्टिरिओत क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे माणसाचा आवाज वूफरमधून यायचा बंद होतो. फेजचं बटण ० आणि १८० दोन्हीवर फिरवून पाहा. ड्रायव्हरच्या सीटवर ज्यात बास जास्त भरीव लागतो, ते ठेवा. पातळी गाडी चालवताना ठरवा, पार्किंगमध्ये नको. आणि पार्किंगवरून आठवलं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. ही मोजणी बासला मुळातच कमी धरते. शेजारच्या काकूंच्या खिडकीची काच धरत नाही.

मग एखाद्या रविवारी सकाळी गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या, बास वाढवा आणि मित्राला बाहेरून गाडीभोवती फिरवा. काय काय खडखडतंय ते तो सांगेल. डिकीच्या दाराचं प्लास्टिक, पार्सल ट्रे, स्टेपनीजवळचा जॅक, आणि हमखास मागची नंबर प्लेट. तिच्या मागे चिकटवायची फोमची पट्टी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.